एकवीस वर्षांखालील जोडी

मावशीच्या घरी सकाळ पोळपाटाच्या आवाजानं व्हायची. चिखलीतल्या त्या दोन खोल्यांत राहणारे आम्ही चौघं, मावशी, काका, त्यांचा शाळेत जाणारा ओंकार आणि मी. जेवणारे मात्र पंधरा-सोळा. ते घरात कधी दिसायचे नाहीत, त्यांचे डबे तेवढे दाराशी रांगेनं उभे असायचे. नांदेड-परभणीकडून कंपन्यांत आलेली पोरं ती. त्यांना चपाती गोड लागायची नाही, ज्वारीची भाकरी हवी, भाजीत कूट हवा, आणि डब्याच्या झाकणात कोरडी लसणाची चटणी दिसली नाही तर संध्याकाळी रिकामा डबा परत करताना तोंड वाकडं. मावशी भाकरी थापायची, मी भाजायची. खालच्या मजल्यावर पत्र्याला भोकं पाडायचं प्रेस मशीन होतं, ते सात वाजता सुरू झालं की आमच्या फरशीला हलका धक्का बसायचा आणि रांगेतली झाकणं एकदमच थरथरायची. त्या थरथरीवर मी घड्याळ लावलं असतं. झाकणं वाजली की पायात चपला घालायच्या आणि चाकणच्या कंपनीची बस गाठायची.

मी आठवीनंतर शाळा सोडून इथं आले होते. मावशी म्हणजे आईची चुलत बहीण, सख्खी नव्हे, आणि हे मला एक क्षण विसरता यायचं नाही. तिनं कधी आठवण करून दिली नाही, उलट ती मला वाढताना भाकरी मोडून ताटात टाकायची, म्हणजे मला नको म्हणता येऊ नये. पण मी दुसरी भाकरी स्वतःहून कधी मागितली नाही. कुणी विचारलं भूक लागली का, तर नाही. थंडी वाजते का, तर नाही. कुणाला माझ्यामुळं त्रास होऊ नये याची मला इतकी काळजी असायची, की त्या काळजीनं मीच लोकांना त्रास देत असेन, हे आता कळतं. कंपनीत आम्ही पोरी गाडीच्या आतल्या वायरींच्या जुड्या बांधायचो. आपल्या हातून चुकीची वायर चुकीच्या भोकात गेली तर आपणच त्या जुडीला लाल टॅग लावायचा असा नियम होता. लाल टॅग लावला की सुपरवायझर ओरडायचा, म्हणून कुणी लावत नसे. चुकलेली जुडी हळूच शेजारणीच्या पेटीत सरकायची, ती तिच्या शेजारणीच्या. मीही सरकवल्यात.

अशा माझ्या आयुष्यात कर्लिंग कसं आलं, हे आजही लोकांना पटत नाही. आमच्या कंपनीच्या स्टोअरमध्ये बनसोडे सर होते. मूळचे खेळाचे शिक्षक, शाळा बंद पडली म्हणून स्टोअरकीपर झालेले. त्यांनी कुठल्या तरी शिबिरात हा खेळ पाहिला आणि झपाटून गेले. खरा खेळ बर्फावरचा. दीडशेक फूट लांब पट्ट्यावर जड गुळगुळीत दगड सरकवायचा, आणि समोरच्या वर्तुळाच्या मध्याजवळ ज्याचा दगड थांबेल त्याचा गुण. आमच्याकडं बर्फ कुठला. सरांनी सांगवीतला एक लग्नाचा हॉल रविवारी सकाळपुरता मिळवला होता, त्याच्या गुळगुळीत फरशीवर खडूनं वर्तुळं काढायचे, आणि दगड म्हणजे खाली तीन बेअरिंग बसवलेली चकती, वर दांडा. शनिवारी तिथं लग्न असलं की आमचा पहिला अर्धा तास अक्षता झाडण्यात जायचा. तांदळाचा एक दाणा बेअरिंगखाली आला की दगड वेडावाकडा वळून खुर्च्यांच्या ढिगात जायचा. बर्फावर जोडीदार दगडाच्या पुढं ब्रशनं बर्फ घासत पळतो, आम्ही दाणे उडवत पळायचो. पण पळायचं तसंच, कारण सर म्हणायचे, सवय लागू द्या, कधी तरी बर्फ येईल.

पहिल्याच रविवारी सरांनी आम्हाला जे सांगितलं ते मी कंपनीत कधी कुणी पाळलेलं पाहिलं नव्हतं. या खेळात पंच शिट्टी मारत नाही. चालत्या दगडाला आपला ब्रश किंवा पाय लागला तर आपणच हात वर करून सांगायचं, आणि तो दगड बाद. कुणी बघो न बघो. समोरच्यानं सांगणाऱ्याचा शब्द धरायचा, वाद नाही. आम्ही सगळे हसलो होतो. एक जण म्हणाला, सर, हा खेळ आपल्याकडं चालायचा नाही राव.

माझा जोडीदार अझहर. चिखलीतच त्याच्या अब्बांचं, रफीकचाचांचं, टेम्पो-रिक्षा दुरुस्तीचं गॅरेज होतं. अझहर बारावी झालेला, माझ्याहून लहान, बडबड्या, हाताला कायम ग्रीसचा वास. दगड सोडताना मात्र तो एकदम गप्प व्हायचा आणि त्याचा हात असा अलगद सुटायचा की दगडाला आपण सुटलो हे कळू नये. मी सोडायला बेताची, पण ब्रश घेऊन पळायला आणि दगड कुठं थांबेल हे आधी ओळखायला चांगली. म्हणून सरांनी आमची जोडी लावली. मिश्र दुहेरी, एक मुलगा, एक मुलगी. घरी सांगितलं तेव्हा मावशीच्या हातातली भाकरी थांबली.

"जोडी म्हणजे? नवरा-बायकोची?"

नाही गं, एक मुलगा नि एक मुलगी, कुठलेही, असं मी म्हणाले.

"कुठलेही," मावशी म्हणाली, आणि पुढची भाकरी नेहमीपेक्षा जोरात थापली.

काकांनी पुढच्या रविवारी ओंकारला माझ्याबरोबर पाठवलं. ओंकारनं परत येऊन सांगितलं की तो दादा ताईला दीदी म्हणतो आणि दगड चुकला की शिव्या खातो. एवढ्यावर घर निवळलं. पुढं अझहर आमच्या दारात बसून चटणी-भाकरी खाऊ लागला आणि मावशीला मावशीच म्हणू लागला. त्याच्या अम्मीकडून कधी खिमा यायचा, तो डबा मावशी धुऊन त्यात शेंगदाण्याचे लाडू घालून परत पाठवायची. डबा रिकामा पाठवायचा नाही ही दोन्ही घरांची रीत, त्यामुळं त्या एका डब्याचं जाणं-येणं काही थांबेना.

मग निवड चाचणी जाहीर झाली. युवा गट, मिश्र दुहेरी. जिंकणारी जोडी पुढं उत्तरेत डोंगरात जाणार, खऱ्या बर्फावर. नियमावली इंग्रजीत होती. ती सरांनी ग्रुपवर टाकली, आणि अझहर आमच्या उंबऱ्यावर बसून ती मला वाचून दाखवू लागला. मी भाकरी भाजत होते. प्रत्येक फेरीत पाच दगड. जो पहिला सोडेल त्यानंच शेवटचा सोडायचा, मधले तीन दुसऱ्यानं. दोघं एकाच जिल्ह्यात राहणारे हवेत. जूनच्या शेवटच्या दिवशी वयाची एकवीस वर्षं पूर्ण झालेली नसावीत. पुरावा म्हणून जन्माचा दाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, मूळ प्रत. पुढंही तो काही वाचत होता, पण तव्यावरची भाकरी फुगत होती आणि मी हूं हूं म्हणत होते. त्या पुढच्या ओळी मी ऐकायला हव्या होत्या.

"तुझा दाखला काय म्हणतो, दीदी?" त्यानं विचारलं.

माझ्या दाखल्यावर एक जून. आमच्या गावात निम्म्या पोरांचा वाढदिवस एक जूनलाच असायचा. त्या हिशेबानं मला नुकतंच विसावं संपून एकविसावं लागलं होतं. अझहरनं ते फोनवर दोनदा मोजलं आणि म्हणाला, बसतंय. माझं हे शेवटचंच वर्ष होतं. त्याच्याकडं वयाची वर्षं होती, पण मोकळीक नव्हती. रफीकचाचांनी त्याला हा एकच हंगाम दिला होता, त्यानंतर मामाकडं सौदीला. तिकिटाचं सोडून बाकी सगळं ठरलेलं होतं. गॅरेजमध्ये पाना मागताना चाचा म्हणायचे, अभी दे, बाद में तेरे दगड के पास जा.

मूळ दाखला गावी होता. तो मागवायला मी आईला फोन लावला. आईनं विचारलं कशाला, मी सांगितलं, एकवीस वर्षांच्या आतल्यांचा खेळ हाय. आई हसायलाच लागली.

"एकईस? अगं येडे, तुला बाईस लागून कितीक दिस झाले. सुनंदाच्या बारशाला तू पाळण्याची दोरी ओढत बसली होतीस की."

सुनंदा माझी चुलत बहीण. ती तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जन्मली, तिचा कागद पक्का. तिला गेल्या दिवाळीतच एकवीस पूर्ण झाली होती. आणि मी तिच्या बारशाला बसत होते, म्हणजे तिच्याहून सात-आठ महिन्यांनी तरी मोठी. मी म्हणाले, मग दाखल्यावर असं कसं? आईनं जसं पावसाचं सांगावं तसं सांगितलं. धाकट्याला सांभाळायला मला घरी ठेवलं होतं, शाळेत घालायला उशीर झाला. गुरुजींनी उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगितला. हात कानाला पुरला की पोर सहा वर्षांचं, अशी त्यांची मोजणी. माझा हात कानाच्याही खाली जाऊन मानेला लागला. गुरुजी म्हणाले, पुरला, लिहा सहा. एक जून.

"त्यात काय एवढं?" आई म्हणाली. "कागद हाय ना तुझ्याकडं. कागदच बघत्यात लोक."

फोन ठेवला आणि मी त्या दिवशी बसमध्ये उभी राहिले, जागा असताना. बसवेना. अर्ज भरायला अजून आठवडा होता. त्या आठवड्यात मी अझहरला सांगायला तीनदा गेले. एकदा तो गाडीखाली होता, बाहेर नुसते पाय. एकदा चाचा होते. एकदा कुणीच नव्हतं, तो एकटा होता, त्यानं मला त्याच्या बर्फाच्या बुटांचं चित्र दाखवलं आणि मी छान आहेत म्हणून परत आले. मावशीनं डब्यांच्या पैशांतून मला खेळायची पँट आणली होती, माप थोडं मोठं, बेंबीपाशी दुमडून घ्यायची. सरांनी रजेचा अर्ज स्वतः लिहून सुपरवायझरची सही आणली होती. एवढ्या लोकांनी माझ्यासाठी एवढं केल्यावर त्यांच्यापुढं जाऊन माझं वय जास्त आहे असं सांगणं मला उद्धटपणा वाटला. आज कुणी असं सांगितलं तर मी त्याला खुळं म्हणेन. तेव्हा मला तसंच वाटायचं. शिवाय कागद खोटा नव्हता, त्यावर शिक्का होता. अर्जाच्या तळाशी वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे असं छापलेलं होतं. मी सही केली. सही करताना रेणुकामधला ण मला दोनदा गिरवावा लागला.

चाचणीच्या दिवशी हॉलमध्ये कागद तपासायला एक बाई बसल्या होत्या. त्यांनी माझा दाखला हातात घेऊन तोंडानं आकडेमोड केली, आधार कार्ड पाहिलं, आणि खूण केली. दोन सेकंदांचं काम. मला वाटलं होतं, त्या मान वर करून बघतील आणि माझ्या तोंडावरच ते लिहिलेलं असेल. त्या पुढच्या मुलीकडं वळल्यासुद्धा. आम्ही पहिली मॅच जिंकलो, मग दुसरीही. दर विजयाबरोबर मी त्या खोट्यात एक पायरी खाली उतरत होते. अझहर मात्र खुशीत होता. पुढं गेलो की पुन्हा कागद तपासतात, त्यानं सहज सांगितलं, वर एकदम कडक असतात, शाळेत फोन करतात म्हणे. त्यानंतर मी माझा डबा तसाच झाकून ठेवला.

शेवटची मॅच वाकडच्या जोडीशी होती. कॉलेजातली मुलं, स्वच्छ बूट, स्वतःचे ब्रश, वागायला गोड. शेवटच्या फेरीपर्यंत बरोबरी. त्यांचा एक दगड वर्तुळात मध्यापासून हातभर अंतरावर बसला होता, आणि आमचा शेवटचा दगड अझहरच्या हातात. भिंतीकडेला सर उभे होते, ओंकार खुर्चीवर चढला होता. त्या दिवशी प्रथमच रफीकचाचा आले होते, दाराशी, आत न येता, कपड्यांना ग्रीस आहे म्हणून. अझहरनं दगड सोडला.

तो दगड मी अजून बघते. इतका सरळ, इतका शांत. मी ब्रश घेऊन त्याच्या पुढं उलटी-सुलटी पळत होते, समोर एक दाणा नाही, काही नाही. पट्ट्याच्या मध्यावर येईपर्यंतच मला कळलं की हा त्यांच्या दगडाच्या आत जाऊन थांबणार. दुसऱ्या कुणाला अजून कळलं नव्हतं. आम्ही जिंकणार होतो. मग शाळेत फोन जाणार होता, गुरुजी, सुनंदा, तिचा दवाखान्याचा कागद, आणि अझहर सगळ्यांपुढं उभा. हे सगळं चार पावलांत माझ्या डोक्यातून गेलं. पाचव्या पावलाला मी हात वर केला.

"लागला," मी म्हणाले. "माझा ब्रश लागला."

लागला नव्हता. ब्रश आणि दगडात बोटभर अंतर होतं. मी वाकून चालता दगड हातानं थांबवला आणि नियमाप्रमाणे बाजूला ठेवला. पंचांनी नक्की का विचारलं, मी नक्की म्हणाले. पुढं कुणी काही विचारलं नाही, कारण या खेळात विचारत नाहीत. सगळा खेळ ज्या एका गोष्टीवर उभा होता ती मी खोटं बोलायला वापरली.

आणि त्यानंतर जे झालं त्याची मला कल्पनाच नव्हती. टाळ्या झाल्या. वाकडच्या त्या मुलीनं येऊन मला मिठी मारली आणि म्हणाली, ताई, मी असते तर गप्प बसले असते. सरांचे डोळे भरून आले होते. त्यांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं की आज हरलेल्यांनी खेळ काय असतो ते दाखवलं. जिंकलेल्यांनी हरलेल्यांना चहा पाजायचा अशी या खेळाची जुनी रीत आहे, म्हणून बाहेरच्या टपरीवर त्या दोघांनी आम्हाला चहा आणि क्रीमरोल दिले. रफीकचाचाही तिथं आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. मी क्रीमरोल हातात धरून बसले. अझहरनं स्वतःचा संपवला, माझाही घेतला.

परतताना अझहरच्या स्कूटरवर ओंकार पुढं उभा, मी मागं. सिग्नलला अझहरनं मान न वळवता विचारलं, "खरंच लागला होता ना, दीदी?"

"लागला," मी म्हणाले.

"मग ठीक आहे." तो गाडी सुरू करत म्हणाला. "दगड मस्त चालला होता, म्हणून विचारलं."

त्या आठवड्याइतकी मी कधी अस्वस्थ झाले नसेन. सरांनी माझा फोटो ग्रुपवर टाकला होता, खाली प्रामाणिकपणावर चार ओळी. तो ग्रुपवरून कंपनीत गेला. लाइनवरच्या पोरी मला टाळी देऊन जायच्या. ज्या सुपरवायझरच्या नजरेआड मी चुकलेल्या जुड्या सरकवत आले होते, त्यानं मला लाल टॅगबद्दल नव्या पोरींना चार शब्द सांगायला उभं केलं, आणि मी ते सांगितले. मावशी डबे न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला फोटो दाखवायची. भाकरी माझ्या हातून करपू लागल्या. त्या मावशी कुणाला देईना, स्वतःच्या ताटात घ्यायची. शेवटी एका सकाळी झाकणं थरथरली, मी चपला घातल्या, आणि बसकडं न जाता गॅरेजकडं गेले.

अझहर रिक्षाचा मागचा टायर काढत होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आधी वय, मग ब्रश. सुनंदाच्या बारशापासून सुरू केलं म्हणून त्याला बराच वेळ मी काय बोलते तेच कळेना. कळलं तेव्हा त्यानं हातातला पाना खाली ठेवला. मला वाटलं, तो खोटारडी म्हणेल. त्यासाठी मी तयार होऊन आले होते.

"अर्ज भरायच्या आधी माहीत होतं?"

हो, म्हणाले.

"आठवडाभर आधी?"

हो.

"जोडीदार बदलता येतो अर्जाची तारीख संपेपर्यंत. मी वाचलं होतं तुला. तू हूं म्हणालीस." तो माझ्याकडं नव्हे, टायरकडं बघत बोलत होता. "रविवारी आपल्यात खेळायला येते ती सांगवीची पोर मोकळी होती. तिच्याबरोबर खेळलो असतो मी. तू नुसतं सांगायचं होतंस."

एवढंच बोलला आणि पुन्हा कामाला लागला. मी मनात जे काही बचावाचं रचून आणलं होतं, तुझ्यासाठी, तुझी बेअब्रू होऊ नये म्हणून, ते सगळं माझ्या तोंडातच राहिलं. त्याला वाचवायला म्हणून मी जे केलं त्यात त्याचा एकुलता एक हंगाम गेला होता, आणि वाचवायचा रस्ता सरळ माझ्या कानावर पडून गेला होता.

तिथून मी सरांकडं गेले. त्यांनी ऐकून घेतलं, स्टोअरचं रजिस्टर मिटलं आणि म्हणाले, जे ग्रुपवर मी लिहिलं ते मी पुसणार नाही, त्याखाली तू लिही. मी लिहिलं. आठवीपर्यंतच्या मराठीत जमेल तसं. तीन ओळी लिहायला जेवणाची सुट्टी गेली. कुणी शाबासकीच्या अंगठ्याचं चित्र टाकलं, कुणी ग्रुप सोडला, एकानं फार वाईट लिहिलं. वाकडच्या मुलीनं काहीच लिहिलं नाही. मावशीला मी तोंडानं सांगितलं. ती म्हणाली, मग त्या पोराचं काय? माझं काय होणार हे कुणी विचारत नव्हतं, आणि त्यानं मला पहिल्यांदा जरा मोकळं वाटलं.

त्या पोराचं काय, याच्यावर मी तेरा-चौदा दिवस काढले. आमच्या गल्लीच्या टोकाला इस्त्रीवाल्या जाधवांची प्रतीक्षा राहायची. सोळा वर्षांची, पायानं चपळ, दुपारभर टिक्कर खेळताना ठिकरी अशी फेकायची की हव्या त्या चौकटीत जाऊन पडेल. मी तिच्या आईकडं गेले. आधी खेळाचं नाही, जन्माचं विचारलं. कुठं झाली, कधी झाली, कागद आहे का. त्या माऊलीला वाटलं मी स्थळ घेऊन आले. प्रतीक्षा महापालिकेच्या दवाखान्यात जन्मली होती, जन्माचा दाखला होता, आणि तो मी तिच्या आईकडून मागून घेतला, झेरॉक्स नव्हे, मूळ. आयुष्यात कुणाकडं काही मागायची माझी ती पहिलीच वेळ असेल. दुसरी लगेच पुढं होती.

रफीकचाचा गॅरेजच्या दारात स्टुलावर बसून चहा बशीत ओतत होते. अझहर आत, बोनेटखाली डोकं घालून. मी आल्याचं त्याला कळलं होतं, कारण आतला आवाज थांबला. मी चाचांना सांगितलं की त्याचा हंगाम माझ्यामुळं गेला, हे त्यांना माहीत असेलच. ते म्हणाले, माहीत आहे. मी म्हणाले, आणखी एक वर्ष द्या. माझ्यासाठी नाही, मी खेळू शकत नाही आता.

चाचांनी बशी संपवली. मग विचारलं, "बेटा, सच में उमर क्या है तेरी?"

"बावीस. जास्त असेल, कमी नाही."

"मेरी भी किसी ने नहीं लिखी," ते म्हणाले, आणि बशी उपडी ठेवली. "मामा सहा महिने थांबेल, साल पण थांबेल. पण खेळायचं त्याला आहे. त्याला विचार."

मी आत गेले. बोनेटजवळ उभी राहिले. अझहरनं डोकं बाहेर काढलं नाही. मी पिशवीतून दाखला काढून त्याच्यापुढं धरला. त्यानं हात फडक्याला पुसले, एकदा, मग परत एकदा, आणि कागद घेतला. नाव वाचलं. तारीख वाचली, ओठ हलवत मोजली. शिक्का उजेडात धरून पाहिला. दवाखान्याचं नाव वाचलं. मग कागद उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली.

"दगड कसा सोडते?"

"अजून दगड बघितलेला नाही तिनं."

तो माझ्याकडं बघत राहिला. त्या सकाळनंतर पहिल्यांदाच बघत होता. मग त्यानं कागद नीट घडी करून माझ्या हातात दिला, कोपरा ग्रीसनं काळा होणार नाही अशी बोटं ठेवून.

"रविवारी सहाला आण तिला," तो म्हणाला, आणि पुन्हा बोनेटखाली वाकला.

मी दारापर्यंत गेले. तिथं थांबून विचारलं, मी आणून सोडू आणि जाऊ का.

"आणि ब्रश कोण शिकवणार तिला?" आतून आवाज आला. "मी?"